अप्पांची अर्धी दाढी

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार

लातूर आजपासून जिल्हा. कचेरीत पेढे वाटले. पेढा घशात अडकला म्हणून माठाकडे गेलो, तर माठ रिकामा. नळ सहा दिवसांनी येतो, आज पाचवा.

साहेबांनी शिल्लक डायऱ्या वाटून टाकल्या, कारण त्यांच्यावर उस्मानाबाद छापलेलं आहे. पहिल्या पानावर रीतसर लिहिलं: बसवराज सिद्रामप्पा हुडगे, वरिष्ठ लिपिक. छापील जिल्ह्यावर काट मारून लातूर लिहिलं. साडेसात महिने कोरे सोडून आजपासून नोंदी करायच्या असं ठरवलं आहे. नोंद करण्यासारखं घरात सध्या एकच आहे, ते म्हणजे अप्पांची दाढी.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मे महिन्यात लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडातून एखादं अक्षर निघतं, अर्थ आपण लावायचा. गंजगोलाईत त्यांचं भुसाराचं दुकान होतं, आणि तीस वर्षं एक दिवसाआड खाजामियाँ त्यांची दाढी करायचे. सोमवार सोडून. सोमवारी अप्पा गालाला वस्तरा लागू देत नाहीत. आजारपणातही खाजामियाँ घरी येऊन करत होते. मागच्या महिन्यात त्यांचा हात थरथरला आणि अप्पांच्या कानाखाली कापलं. अप्पांनी तक्रार केली नाही, करणार तरी कशी. पण खाजामियाँनीच वस्तरा मिटला. "ये हात आता भरोशाचा न्हाई," म्हणाले आणि गेले.

मी सेफ्टी रेझर आणला. अप्पांनी दात आवळून मान फिरवली. नव्या सलूनवाल्याला आणलं. अप्पांनी डाव्या हाताने त्याची साबणाची वाटी उडवली. वाटीभर पाणी वाया गेलं, ते जास्त लागलं.

दाढी वाढल्यापासून अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ओसरीवर खुर्चीत बसवायला गेलं की अंग ताठ करतात. रस्त्यावरच्या लोकांना असलं तोंड दाखवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, असेच पडून राहिले तर पाठ सडेल, छातीत कफ भरेल, मग फार दिवस नाहीत. म्हणजे सगळं दाढीवर येऊन थांबलं आहे.

१९ ऑगस्ट, गुरुवार

खाजामियाँच्या दुकानात जाऊन विचारलं, दुसरा कुणी वस्तरेवाला आहे का.

"हायत ते सगळे ब्लेडवाले. शेठ त्यांना गालाला हात लावू देणार न्हाईत. तू शीक."

मी म्हणालो, "चाचा, मी लिपिक आहे."

"तो काय गुन्हा न्हाई. शिकता येतं, जिल्हासाब."

सोमवारपासून ते मला जिल्हासाब म्हणतात. त्यांनी खुंटीवरचा चामड्याचा पट्टा काढून दिला. त्याला ते चमोटा म्हणतात. सोबत एक जुना, धार मेलेला वस्तरा दिला. "महिनाभर नुसता चमोटा. गाल न्हाई. स्वतःचा बी न्हाई."

घरी शिवकांताने, म्हणजे बायकोने, पट्टा बघून नाक मुरडलं. "चामडं देवाच्या घरात न्हाई यायचं." देवघर घराच्या पार मागच्या टोकाला आहे, पण शिवकांताने त्याची हद्द ओसरीपर्यंत वाढवली. शेवटी पट्टा ओसरीतल्या खिडकीच्या गजाला बाहेरून बांधला. खिडकीच्या आत अप्पांची खाट आहे. अप्पांनी आणि मी एकमेकांकडे पाठ केलेली असल्यामुळे अडचण येणार नाही.

२४ ऑगस्ट, मंगळवार

पद्धत अशी. डाव्या हाताने पट्टा ताणून धरायचा. त्यावर वस्तरा आडवा निजवायचा. पाठ पुढे आणि धार मागे, असा ओढत न्यायचा. टोकाला पोचलं की पाठीवर उलटा करायचा आणि तसाच परत आणायचा. दाब द्यायचा नाही. ऐकायला सोपं आहे. मी पाठीऐवजी धारेवर उलटा केला आणि पट्ट्याला दोन बोटं लांब चीर पाडली. मेलेल्या धारेलाही एवढं जमतं, हे नवीन कळलं.

खाजामियाँ चीर बघून म्हणाले, "पहिल्या रोजी मी अब्बाच्या चमोट्याला तीन पाडल्या. अब्बानं एक कानाखाली दिली." मी गाल पुढे करायचा की काय ते कळेना. त्यांनी चीर मेण चोळून बसवली.

मग म्हणाले, "चमोटा धार काढतो असं वाटून राहिलं का तुला? धार काढतो तो दगड. दाढी केली की ती धार जराशी वाकते, डोळ्याला दिसत न्हाई. चमोटा तिला सरळ करतो. रोज वाकते, रोज सरळ करायची. हाताकडं बघू नको, आवाज ऐक."

ऐकला. फटाक्, फटाक्.

"कपडे धून राहिलास का?" खाजामियाँ म्हणाले.

२९ ऑगस्ट, रविवार

अप्पांच्या तोंडून आता तीन शब्द नेमाने निघतात, हे डॉक्टरांना सांगितलं. गरजा सांगता येतात हे चांगलं लक्षण आहे, असं ते म्हणाले.

पहिला शब्द 'खा'. खाजामियाँ आले की अप्पा त्यांच्याकडे बघून 'खा' म्हणतात. एवढ्या आजारातही आल्यागेल्याचं बघणं सुटलेलं नाही. शिवकांता लगेच भाकरी आणि शेंगाची चटणी वाढते. खाजामियाँ दर वेळी जरा थबकतात, मग खातात.

शिवकांता खोलीत गेली की अप्पा 'शी' म्हणतात. ती मला बोलावते, मी भांडं घेऊन जातो. बहुतेक वेळा काही होत नाही. डॉक्टरांनी बद्धकोष्ठ धरून चूर्ण दिलं. चूर्णानंतर दोन दिवस भांडं नेण्याचं सार्थक झालं, पण चूर्ण बंद केल्यावरही 'शी' चालूच आहे.

मी गेलो की म्हणतात 'बस'. यावर मतभेद आहेत. शिवकांता अप्पांना मामा म्हणते; तिच्या मते मामा बसवण्णांचं नाव घेतात. शेजारच्या नागम्मा मावशी म्हणाल्या, माझ्या आईला हाक मारत असतील, तिचं नाव बसम्मा होतं. पण आई होती तेव्हा अप्पांनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही, ती गेल्यावर कशाला घेतील. डॉक्टरांच्या मते बस म्हणजे पुरे. "माणूस कंटाळतो," म्हणाले. मला डॉक्टरांचं पटतं. मी समोर गेलो की म्हणतात, तेव्हा कशाला कंटाळले आहेत तेही उघड आहे.

६ सप्टेंबर, सोमवार

काल खाजामियाँनी जुन्या वस्तऱ्याला दगडावर नवी धार काढून दिली. थरथरत्या हाताने दोन तास लागले. आज मी तो खिशात घालून कचेरीत नेला, जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याशिवाय हात कसा फिरवायचा याचा सराव करावा म्हणून. ही माझी चूक.

नव्या जिल्ह्याचे शिक्के आलेले नाहीत. जुन्या शिक्क्यांवरचं उस्मानाबाद खरवडून काढा आणि वापरा, असं तोंडी ठरलं. रबर ब्लेडने निघेना. माझ्याकडे वस्तरा होता. अकरा शिक्के साफ केले. साहेब म्हणाले, "हुडगे, हात चांगला आहे तुमचा." अकरा वर्षांच्या नोकरीतली ही पहिली शाबासकी.

संध्याकाळी खाजामियाँ आले. वस्तरा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"काय कापलंस?"

"उस्मानाबाद," मी म्हणालो.

त्यांनी वस्तरा रुमालात गुंडाळला आणि न जेवता निघून गेले. अप्पा त्यांच्या मागून दोनदा 'खा' म्हणाले.

१९ सप्टेंबर, रविवार

खाजामियाँ जवळजवळ दोन आठवडे बोलले नाहीत. मी वस्तऱ्याऐवजी फुटपट्टी घेऊन चमोट्यावर सराव करत होतो. आज त्यांनी वस्तरा परत आणून दिला. "पुन्हा जिल्हा कापलास तर तुझा कान कापीन." मी कबूल केलं.

डायरी खाजगी आहे, म्हणून 'बस'बद्दल खरं लिहून ठेवतो. एकाहत्तर साली मला नोकरीचा कागद आला. अप्पा दुकानात गादीवर होते. त्यांनी कागद वाचलाच नाही. बाजूच्या गादीवर हात आपटून म्हणाले, "दुकानात बस." मी बसलो नाही. तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. एका घरात राहिलो, एका पंगतीला जेवलो. काही सांगायचं असलं की म्हणायचे, "शिवकांता, त्याला सांग." मी 'त्याला' झालो. पाच वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं, तेही मला तिच्याकडूनच कळलं.

आता त्यांचे सगळे शब्द गेले आणि नेमका तोच तेवढा उरला. दिवसातून वीस वेळा म्हणतात. दुकान नाही, गादी नाही, तरी बस. मला राग येतो. मग आजारी माणसाचा राग येतो याची लाज वाटते. मग चमोटा फटाक् वाजतो.

२७ सप्टेंबर, सोमवार

आज मडकं. खाजामियाँनी तळाला तडा गेलेलं एक मडकं आणलं, त्यावर साबणाचा फेस फासला आणि म्हणाले, "कर याची दाढी. खरवडल्याचा आवाज आला तर गाल कापला समज."

पाच वेळा गाल कापला. सहाव्या खेपेला फेस निघाला आणि मडकं गप्प राहिलं.

नागम्मा मावशी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "लोकायला पाणी भरायला मडकं न्हाई, आन् हे मडक्याची हजामत करून राहिलेत." शिवकांता आत जाऊन हसली. फेसाचं पाणी मी दारातल्या कडुनिंबाला ओतलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

धार आली की नाही हे हाताच्या केसांवर बघतात. माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला आहे. साहेबांनी विचारलं, हे काय, त्वचेचा विकार? म्हणालो, अभ्यास.

११ ऑक्टोबर, सोमवार

खाजामियाँचं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून ते सकाळीच येऊन ओसरीवर बसले होते. मला मुरुडला दुष्काळी कामावर पाठवणार असल्याचं कानावर आलं आहे, त्या विचारात मी चमोट्यावर हात मारत होतो. मोजायचंही विसरलो. काही वेळाने लक्षात आलं की आवाज बदलला आहे. फटाक् गेलं होतं. सर्र, सर्र, सर्र. आजवर हा आवाज खाजामियाँच्या दुकानात ऐकला होता, पण तो मला काढता येईल असं वाटलं नव्हतं.

खाजामियाँनी बोट ओठावर ठेवून खिडकीकडे खूण केली. आत अप्पांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. डोळे मिटलेले, पण डाव्या हाताचं बोट माझ्या हाताबरोबर खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, पडत होतं. मी चकित होऊन थांबलो. बोट थांबलं. परत सुरू केलं. बोट सुरू झालं.

"तीस वर्षं त्यांनी हा आवाज ऐकलाय," खाजामियाँ हळूच म्हणाले. "कान फसत न्हाई. हात बसला तुझा."

मला फार आनंद झाला. तेवढ्यात अप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बस." मी वस्तरा मिटून ठेवला.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली दाढी. अर्धा तांब्या गरम पाणी मंजूर झालं. आधी खिडकीशी साठ हात मारले. आत गेलो तर अप्पांनी डावा गाल वर करून ठेवला होता.

फेस लावताना लक्षात आलं की कळायला लागल्यापासून मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावलेला नाही. कातडी मऊ आहे. मला ती वेगळी वाटली होती, कशी ते सांगता येत नाही. कुठे कापलं नाही. डावा गाल साफ झाला. उजवीकडे जायला मी त्यांच्या समोरून वळलो, तोंडासमोर तोंड आलं. अप्पा म्हणाले, "बस."

मी थांबलो. फेस पुसून घेतला.

शिवकांता म्हणाली, "अहो, अर्धीच?"

"पुरे म्हणाले," मी सांगितलं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

चार वेळा दाढी झाली, चारही वेळा अर्धी. डावा गाल नवऱ्यामुलासारखा आणि उजवीकडे कुंपण वाढलं आहे. तरी एक फायदा झाला. खुर्ची तिरपी लावून डावी बाजू रस्त्याकडे केली की अप्पा दहा मिनिटं ओसरीवर बसतात. त्यापेक्षा जास्त नाही. कुणी उजवीकडून आलं की लगेच आत न्यावं लागतं.

कचेरीत टेबलावर नावाच्या पाट्या आल्या. बसवराज पाटीवर मावत नाही म्हणून 'ब. सि. हुडगे' असं रंगवलं आहे. माझी हरकत नाही. ते नाव तसंही कुणाच्या तोंडात राहिलेलं नाही. कचेरीत हुडगे, घरात अहो, खाजामियाँ जिल्हासाब. आई बसू म्हणायची. अप्पाही म्हणायचे, एकाहत्तरपर्यंत.

उद्यापासून मुरुडला, दोन आठवडे.

४ नोव्हेंबर, गुरुवार

मुरुडहून परत. रस्त्याच्या कामावर हजेरी घेत होतो. मी नाव वाचायचं, खडी फोडणाऱ्याने ओ द्यायची, मग मी खूण करायची. ओ आली नाही तर गैरहजर. साडेतीनशे नावं, रोज दोनदा. गंगम्मा नावाची एक बाई कधीच ओ देईना. मी तीन तीनदा ओरडायचो. शेवटी शेजारणीने तिला कोपर मारलं की म्हणायची, "ओ! कवाधरून हितंच हाय की मी." ती बहिरी होती हे मला आठव्या दिवशी कळलं. तोवर मी तिला उद्धट समजत होतो.

घरी चांगलं नाही. दोन आठवडे दाढी नाही, अप्पांनी परत भिंत धरली आहे. छातीत घरघर आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आत उठवून बसवायला लागा, पुढचं मी सांगू शकत नाही.

शिवकांता म्हणाली, "तुम्ही नव्हता तवा मामा रोज साडेपाचला दाराकडं बघून बस, बस करायचे. अंधार पडला की गप व्हायचे."

साडेपाचला माणसाचा कंटाळा वाढतो, हे मी कचेरीतही पाहिलं आहे.

६ नोव्हेंबर, शनिवार

चमोट्यावर साठ हात. आवाज बरा. अप्पांनी तोंड फिरवलं. डावा गाल झाला. समोर आलो. बस. थांबलो. आज जरा मोठ्याने म्हणालो, "अप्पा, एवढा एक गाल होऊ द्या, मग काय ते रागवा." अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच परक्या भाषेत बोलतो आहे. मग भिंतीकडे वळले. ओसरीवर आले नाहीत. घरघर वाढली आहे. मला भीती वाटते.

८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खाजामियाँ आले. अप्पांच्या डोक्याशी वाकून त्यांनी आधी डावा गाल बघितला, मग उजवा.

"ये क्या? निम्मा जिल्हा उस्मानाबादलाच ठेवलास का?"

मी म्हणालो, "बस म्हणतात, म्हणून थांबतो."

"तीस वर्षं या मानेवर वस्तरा चालवला मी. शेठ एकदा बी बस बोलले न्हाईत. नको असलं की मान फिरवतात. मान फिरवली का त्यांनी?"

फिरवली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पा खाजामियाँकडे बघून म्हणाले, "खा." शिवकांता भाकरी आणि चटणी घेऊन आली. खाजामियाँनी ताटलीकडे बघितलं आणि ती खाली ठेवली.

"बेटी, एक बात सांगू? रागावू नको. शेठ मला जेव म्हणून न्हाई राहिले. मला खाजा म्हणून राहिलेत. 'जा' निघत न्हाई त्यांचा."

शिवकांता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग चाचा, सांगायचं न्हाई का? अडीच महिने जेवून राहिलात!"

"चटणी चांगली होती," खाजामियाँ म्हणाले.

शिवकांता हसली आणि मधेच तिचं हसू थांबलं. तिने तोंडाला पदर लावला. "शी," ती म्हणाली. "अगंबाई. शिवकांता. मला बोलावत होते मामा. आन् मी त्यायला चूर्ण घातलं हो." ती अप्पांच्या पायाशी बसून रडायला लागली. अप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मला कचेरीत उशीर होत होता, मी निघालो.

दुपारपर्यंत या दोघांच्या गोष्टीवर मनातल्या मनात हसत होतो. खाजातलं खा, शिवकांतातलं शि. जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलाशी बसलो आणि समोरच्या पाटीकडे लक्ष गेलं. ब. सि. हुडगे.

मी ती पाटी उचलून हातात धरली. शेजारच्या टेबलावरून विचारलं, रंग गेला का? मी नाही म्हणालो.

अप्पा मला हाक मारत होते. ऑगस्टपासून रोज. मी खोलीत गेलो की, मी तोंडासमोर आलो की, मी मुरुडला होतो तेव्हा साडेपाच वाजता दाराकडे बघून. अकरा वर्षं जे नाव घेतलं नाही ते घेत होते, आणि मी दर वेळी हातातलं काम थांबवत होतो. गंगम्मा निदान बहिरी होती.

संध्याकाळी घरी पोचलो. अप्पा म्हणाले, "बस." ओ द्यायला तोंड उघडलं, पण अकरा वर्षं हाकच नव्हती, त्यामुळे ओ कशी देतात ते तोंडाला आठवेना. घोटभर पाणी प्यालो आणि ओसरीवर येऊन चमोट्यावर साठ हात मारले. रडू आलं. आवाज तेवढा बिघडू दिला नाही. सोमवार असल्यामुळे आज दाढी नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे नळ आला. शिवकांताने न मागता पूर्ण तांब्याभर पाणी गरम करून दिलं.

साठ हात मारले. आतून खाटेच्या गातावर बोट पडत होतं. डावा गाल झाला. समोर आलो, तोंडासमोर तोंड.

"बस."

"ओ," मी म्हणालो. "ओ, अप्पा."

 अप्पा परत म्हणाले, "बस." दुकानात माप बरोबर आलं तरी ते एकदा परत घालून बघायचे, तसं.

"ओ. हितंच हाय की मी."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि फेसातून खाली उतरलं. मी ते पुसलं नाही, कारण माझे हात साबणाचे होते आणि मला नीट दिसत नव्हतं. खाजामियाँनी शिकवलं आहे की नीट दिसत नसेल तर वस्तरा लावायचा नाही. म्हणून आम्ही दोघं थोडा वेळ तसेच थांबलो. मग अप्पांनी आपण होऊन उजवा गाल माझ्याकडे केला.

तो गाल खाली ओघळला आहे. अंगठ्याने कातडी वर ताणून धरावी लागते. कानाखाली खाजामियाँच्या हातचा जुना व्रण आहे, तिथे जपून गेलो. हनुवटी सगळ्यात शेवटी. मधे मधे अप्पा हाक मारत होते, काम काही नव्हतं. मी दर वेळी वस्तरा उचलून ओ दिली आणि परत टेकवला. त्यामुळे वेळ गेला, पण दाढी पूर्ण झाली.

शिवकांताला हाक आली, "शी." ती दारातूनच "जी मामा" म्हणाली. मी सवयीने भांड्याकडे निघालो होतो, तिने दंड धरून थांबवलं.

खुर्ची ओसरीवर नेली. तिरपी लावायला गेलो तर अप्पांनी डाव्या हाताने तिचा दांडा धरला. सरळ रस्त्याकडे तोंड करून बसले. खाजामियाँ दुकानाला निघाले होते, त्यांनी थांबून दोन्ही गालांवरून अंगठा फिरवला, उलट दिशेनेही फिरवला, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. अप्पा म्हणाले, "खा." ते म्हणाले, "जी शेठ." शिवकांता तरीही भाकरी घेऊन आली. खाजामियाँना बरं वाटलेलं दिसलं.

कचेरीत पन्नास मिनिटं उशिरा पोचलो. साहेब हजेरीपुस्तक पुढे घेऊनच बसले होते. "हुडगे, उशीर का?"

म्हणालो, घरून हाक आली होती.